सांगितलं नाही

"खाली. अजून खाली. खुर्चीवर बसलीयस असं समज."

निकम सर समोर उभे होते आणि मी चाळीस माणसांपुढं उत्कटासनात. गुडघे वाकवलेले, पाठ ताठ, दोन्ही हात डोक्यावर जोडलेले. मांड्या थरथरायला लागल्या होत्या. पहिल्या रांगेतल्या बायका माझ्याकडं बघायचं टाळत होत्या आणि त्यामुळं मला जास्तच लाज वाटत होती.

"तोंड का आवळलंय? श्वास सोड. बघा मंडळी, डॉक्टरीणबाईंना श्वास घेता येत नाही."

मी केलं होतं एवढंच. नव्यानं येऊ लागलेल्या घाटगेबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ते त्यांनी मला हळूच सांगितलं आणि मी ते सरांच्या कानावर घातलं. म्हटलं, त्यांना वज्रासन नको देऊया. सर भर वर्गात माझ्यावर उखडले. माणसाचं शरीर बघून मला कळत नाही काय, तू मला शिकवणार काय, आणि कुणी काय सांगितलं त्याच्या चिठ्ठ्या घेऊन फिरायला तू कुठल्या दवाखान्यात कंपाउंडर आहेस? मग उत्कटासन. साडेचार मिनिटं. मी आकडे मोजत होते म्हणून मला ठाऊक आहे.

"ऊठ," ते म्हणाले. "आणि परत असले निरोप आणू नकोस."

मी उठले. वर्ग पुढं सुरू झाला.

ही शहाण्णव सालची गोष्ट. कराडात घाटाच्या वाटेवर आमच्या योग मंडळाचा हॉल होता. निकम सर हायस्कूलात खेळाचे शिक्षक होते. निवृत्तीच्या बऱ्याच आधीपासून ते हा वर्ग चालवत. सदुसष्ट वर्षांचे, काटक, आणि एकटे. बायको गेलेली, मुलगी पुण्याला. मी एकोणीस वर्षांची असताना त्यांच्याकडं आले. लहानपणापासून आईबरोबर शिलाई मशीनवर वाकून वाकून माझी मान एका बाजूला आखडली होती, ब्लाऊजला हुक लावतानासुद्धा डोळ्यांतून पाणी यायचं. सहा महिन्यांत सरांनी ती मान सरळ केली. हे मी कधीच नाकारलं नाही. मग त्यांनी मला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. हॉल उघडायचा, सतरंज्या अंथरायच्या, हजेरी घ्यायची, नव्यांना ताडासनापासून शिकवायचं. नऊ वर्षं मी हे केलं. नऊ वर्षांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. मी वायदंडेच होते.

दर गुरुवारी शवासन झाल्यावर सर पंधरा मिनिटं बोलत. आसनं हा योगाचा तिसरा भाग, म्हणायचे. त्याच्या आधी यम आणि नियम. ज्याला ते जमत नाहीत त्याचं आसन म्हणजे नुसती कसरत, सर्कशीतली माणसं तुमच्यापेक्षा जास्त वाकतात. यमांत पहिली अहिंसा. मनानं, बोलण्यानं, हातानं. मग सत्य. एकदा कुणीतरी विचारलं, सर, सत्य दुसरं का? पहिलं का नाही? तेव्हा ते म्हणाले, "कारण खरं बोलून माणूस मारता येतो. म्हणून आधी मारायचं नाही हे शिकायचं, मग बोलायचं."

लोक माना डोलावत. मी मागं बसून त्यांच्या पाठीकडं बघत असे. बोलण्यानं हिंसा करायची नाही म्हणे. माझ्या मनात जे यायचं ते आता लिहिण्यासारखं नाही.

वसंत हुपरीकर आमच्याकडं त्या उन्हाळ्यात आले. बाजारपेठेत त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. पन्नाशीचे, गोरेपान, बोटं एखाद्या बाईसारखी नाजूक. दिवसभर उजव्या डोळ्याला भिंग लावून बसायचं, त्यामुळं मान आणि खांदे धरलेले. माझंच दुखणं, फक्त मशीन वेगळं. म्हणून त्यांच्याबद्दल मला आपुलकी होती. ते मला ताई म्हणत.

पाचव्या महिन्यात सरांनी त्यांना वरच्या रांगेत घेतलं. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर हुपरीकर हजेरीच्या टेबलाशी थांबले.

"ताई, एक विचारायचं होतं. मला काचबिंदू आहे. दोन वर्षं झाली, थेंब घालतो सकाळ-संध्याकाळ. आता सर शीर्षासन शिकवणार म्हणतात. उलटं झालेलं चालेल ना?"

"डॉक्टरांना विचारलंत?"

"डॉक्टरांना सांगितलं की ते नकोच म्हणणार. सरांना जास्त कळतं. तुम्ही जरा त्यांच्या कानावर घाला. मला त्यांच्याशी बोलायचं म्हणजे..." ते हसले. "शाळेत असताना त्यांची छडी खाल्लीय मी."

"सांगते मी," मी म्हणाले.

ते निर्धास्त होऊन गेले.

पुढच्या आठवड्यातला मंगळवार होता. मला यायला दोन मिनिटं उशीर झाला आणि सरांनी दारातच मला धारेवर धरलं. आईला बरं नव्हतं, ते सांगायलाही दिलं नाही. "आईला रोज बरं नसतं तुझ्या," म्हणाले. मी हजेरी घेतली. सूर्यनमस्कार झाले, पर्वतासन झालं. मग सरांनी घोंगडीची चौघडी करून भिंतीशी टाकली आणि म्हणाले, "हुपरीकर, या. आज तुमची पाळी."

हुपरीकर उठले. जाता जाता त्यांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मला आजही दिसते. तीत भीती अजिबात नव्हती. सांगितलं ना, एवढंच ती विचारत होती.

मी मान हलवली.

होय म्हणून हलवली. मग सर त्यांना हातांची बोटं गुंफायला लावत होते, डोकं कुठं टेकायचं ते दाखवत होते. मी चार हात अंतरावर उभी होते. माझ्या ओठांपर्यंत शब्द आला होता. तो बाहेर पडला नाही.

सरांनी त्यांचे पाय उचलले. हुपरीकर सरळ उभे राहिले, डोकं खाली, पाय भिंतीला. चांगले उभे राहिले. सर म्हणाले, "शाब्बास. श्वास चालू ठेवा. साठपर्यंत मोजा." सगळ्यांनी बरोबर मोजलं. मीही मोजलं. साठ झाल्यावर सर म्हणाले, "अजून तीस."

खाली आल्यावर ते कपाळ टेकून बसले, आम्ही बसवतो तसे. बराच वेळ उठले नाहीत. मग मान वर केली आणि म्हणाले, "सर, उजवीकडं धुकं दिसतंय."

"पहिल्यांदा दिसतं. पाणी प्या."

ते धुकं गेलं नाही. संध्याकाळी डोळा दुखायला लागला, दुसऱ्या दिवशी त्यांना मिरजेला नेलं. डोळ्यातला दाब भयंकर वाढला होता आणि आत रक्तस्राव झाला होता. दहा दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळेल. भिंग लावायचा डोळा तोच.

गावात बोभाटा झाला. हुपरीकरांची बायको, इंदूवहिनी, मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी जाऊन दारात उभी राहून ओरडून आली. अध्यक्ष होते वकील प्रभुणे. ते दुसऱ्याच दिवशी आमच्या घरी आले. आमच्या घरी त्याआधी कधी आले नव्हते. आईनं घाईघाईनं खुर्ची पुसली.

"शैला, हे बघ," ते म्हणाले, "हुपरीकर म्हणतात त्यांनी काचबिंदूचं तुला सांगितलं होतं. रविवारी सभा घेतोय, तिथं तुला विचारलं जाईल. आता तोंडी गोष्ट आहे, साक्षीदार नाही. सांगितलं होतं असं तू म्हणालीस तर मंडळ बुडालं, पोलीस आले, आणि पहिलं नाव तुझं येईल. सांगितलंच नव्हतं म्हणालीस तर रोग त्यांनी लपवला, विषय संपला. निकम आता थकलेत. वर्ग पुढं कुणीतरी चालवायलाच हवा." आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "समजलं ना?"

"समजलं," मी म्हणाले.

शनिवारी सर्वांगासन चालू असताना सर माझ्याजवळ आले. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"हुपरीकरनं तुला सांगितलं होतं?"

"नाही."

ते माझ्या चेहऱ्याकडं बघत नव्हते. छातीकडं बघत होते, जिथं श्वास दिसतो तिथं. माणूस आसनात खोटं करत असेल तर ते असंच बघून ओळखायचे. मग पुढच्या माणसाचा खांदा दाबायला गेले.

रविवारी पाच वाजता हॉल भरला होता. प्रभुणे टेबलामागं. निकम सर खाली सतरंजीवर, वज्रासनात, नेहमीसारखे. हुपरीकर डोळ्यावर पट्टी बांधून बायकोच्या हाताला धरून आले. त्यांना खुर्ची दिली.

ते शांतपणे बोलले. तारीख सांगितली, कुठं उभे होते ते सांगितलं, मी काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं. "त्या दिवशीसुद्धा मी ताईंकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. म्हणून मी उलटा झालो."

प्रभुणे माझ्याकडं वळले. "वायदंडेबाई, यांनी तुम्हाला काही सांगितलं होतं?"

"नाही," मी म्हणाले. "मला काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी होऊ दिलं असतं का?"

आवाज चांगला खणखणीत निघाला. मलाच आश्चर्य वाटलं.

हुपरीकर माझ्या दिशेनं बघत राहिले, एका डोळ्यानं. इंदूवहिनी उठली. "खोटारडे! तोंडात किडे पडतील तुझ्या! हा माणूस आयुष्यात कुणाशी खोटं बोललेला नाही. घरी येऊन म्हणाला होता मला, ताईंना सांगितलंय, आता काळजी नाही!" कुणीतरी तिला धरलं. मागून एकजण ओरडला, बाईमाणसाला कशाला बोलता, तुमचा रोग तुम्ही लपवला. दुसरा म्हणाला, भरपाई पाहिजे असेल. हुपरीकरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"मी बोलू का?" निकम सर म्हणाले.

ते उभे राहिले नाहीत. बसल्या जागेवरूनच बोलले, आणि सगळे गप्प झाले.

"हुपरीकर खरं बोलतायत. त्यांनी वायदंडेला सांगितलं. वायदंडेनं मला सांगितलं. एकदा नाही, दोनदा. मी म्हटलं, डॉक्टर लोकांचं काम घाबरवायचंच आहे. आणि त्यांना उलटं केलं. ती आत्ता जे बोलली ते मला वाचवायला बोलली. तिला माझी भीती आहे. गुन्हा माझा आहे. लिहून घ्या."

प्रभुणे म्हणाले, "निकम सर, जरा विचार करून..."

"लिहून घ्या म्हटलं ना!"

त्यानंतर काय काय झालं ते मला तुटक आठवतं. सरांना शिव्या देणारे आवाज आठवतात. ज्यांनी दहा दहा वर्षं त्यांच्या पाया पडून दिवस सुरू केला होता त्यांतलेच ते आवाज. एकानं चप्पल फेकली, ती भिंतीला लागली. हुपरीकर म्हणाले, "शाळेतसुद्धा तुम्ही माणसासारखं वागला नाहीत." आणि मग इंदूवहिनी माझ्याकडं आली. मला वाटलं मारणार. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि रडायला लागली.

"तू सांगितलं होतंस गं. दोनदा सांगितलं होतंस. मी तुला काय काय बोलले."

मी हात सोडवून घेतले नाहीत.

सर मागच्या दारानं बाहेर पडले होते. मी त्यांच्यामागं धावले. घाटाच्या पायऱ्यांशी गाठलं.

"सर, तुम्ही असं का..."

"जवळ येऊ नकोस." ते वळले. चेहऱ्यावर माया वगैरे काही नव्हती. इतका तिरस्कार मी त्यांच्या चेहऱ्यावर नऊ वर्षांत बघितला नव्हता. "तुला माझ्यापुढं तोंड उघडायची भीती वाटली म्हणून त्या माणसाचा डोळा गेला. ती भीती मी घातली. साडेचार मिनिटं उभं करून घातली. तेवढं माझं, ते मी घेतलं. पण आत त्याच्या तोंडावर त्याला खोटं पाडलंस, ते तुझं. ते घेऊन जा."

"सर, मी..."

"वर्ग ठेव नाहीतर मोड. मला परत दिसू नकोस."

ते गेले. मी पायऱ्यांवर उभी राहिले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

हुपरीकरांनी पोलिसांत अर्ज दिला. सरांना चार वेळा चौकीत बोलावलं, तासन्‌तास बाकावर बसवलं. पुढं तो अर्ज तसाच पडून राहिला. त्यांच्या दारावर कुणी डांबर ओतलं. हायस्कूलच्या कार्यक्रमांना बोलावणं बंद झालं. रस्त्यात लोक त्यांना ऐकू जाईल असं बोलायचे. ते घराबाहेर पडेनासे झाले. आणि वर्ग प्रभुण्यांनी माझ्याकडं दिला. मी घेतला. चार वर्षं चालवला, चांगला चालवला. माणसं वाढली. गुरुवारी मी अहिंसेवर बोलायची, मग संतोषावर बोलायची. मधल्या सत्याकडं मी कधी वळले नाही आणि कुणी विचारलंही नाही. दर दिवाळीला इंदूवहिनी मला फराळाचा डबा आणून द्यायची.

दोन हजार सालच्या डिसेंबरात कळलं की सरांना पोटाचा कर्करोग आहे आणि मिरजेहून त्यांना घरी परत पाठवलंय. मी तीन दिवस ठरवत होते. चौथ्या दिवशी दुपारी गेले.

दार त्यांच्या मुलीनं, कुंदानं उघडलं. मी नाव सांगितल्यावर ती आत जाऊन आली आणि म्हणाली, "पाच मिनिटं. त्यांना बोलवत नाही."

सर खाटेवर होते. अर्धे झाले होते. तरी पाठीमागं उशी घेतली नव्हती, भिंतीला टेकून ताठ बसले होते.

"काय पाहिजे?"

"सर, मला एक सांगायचं होतं."

"चार वर्षांनी?"

"तुम्ही त्या दिवशी घाटावर म्हणालात, मला तुमची भीती होती म्हणून मी बोलले नाही. म्हणूनच सभेत सगळं स्वतःवर घेतलंत. भीती नव्हती, सर. मी सांगणार होते. ओठांवर आलं होतं. तुम्ही त्यांना घोंगडीवर बसवलंत आणि माझ्या मनात आलं, होऊ दे. काहीतरी होऊ दे एकदा. चारचौघांत होऊ दे. मग कळेल या माणसाला."

कुंदा दारात उभी होती. ती हलली नाही.

सरांचा श्वास मला ऐकू येत होता. तो चालू होता, जड, पण एका लयीत.

"आणि हुपरीकरचं काय होईल?" त्यांनी विचारलं. "ते आलं मनात?"

"नाही. तुमचंच आलं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग हसल्यासारखा आवाज झाला आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. कुंदा पाणी घेऊन धावली. त्यांनी तिचा हात बाजूला केला.

"जन्मात एकदा खोटं बोललो," ते म्हणाले. "एकदा. आणि तेही चुकीच्या माणसासाठी." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मी तुला घाबरट समजलो. घाबरटाला वाचवायचं असतं. तू तर..." पुढचा शब्द त्यांनी गिळला. "हुपरीकरला हे ठाऊक आहे?"

"नाही."

"मग इथं काय करतेयस? माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत. ज्याचा गेला त्याच्याकडं जा. ऊठ!"

शेवटचा शब्द त्यांनी वर्गात ओरडायचे तसा ओरडला. मी उठले. कुंदानं माझ्यामागं दार लावून घेतलं, कडी घातल्याचा आवाज आला.

मी घरी गेले असते तर परत कधीच गेले नसते. म्हणून तशीच बाजारपेठेत गेले. हुपरीकर दुकानात होते. दुरुस्तीचं टेबल कोपऱ्यात सरकवलेलं होतं, त्यावर पट्ट्यांची खोकी. आता ते सेल बदलायचे, पट्टे बसवायचे, तयार घड्याळं विकायचे. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"या ताई, या. चहा सांगू?"

"नको. काका, बसून ऐका."

मी उभ्यानंच सांगितलं. सरांना मी काहीच सांगितलं नव्हतं. एकदाही नाही. सर सभेत खोटं बोलले. मी मान हलवली ती खोटी होती. आणि का गप्प राहिले तेही सांगितलं, सरांना सांगितलं तसंच. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, हुपरीकरांनी हातानंच त्याला परत पाठवलं.

माझं बोलणं संपलं. त्यांनी टेबलावरची पट्ट्यांची खोकी सरळ केली. मग पावतीपुस्तकातला एक कागद फाडला, उलटा केला आणि पेन माझ्यापुढं ठेवलं.

"लिहून द्या."

"काका..."

"काका म्हणू नका. लिहा, वायदंडे."

मी लिहिलं. पाच-सहा ओळी. हात ओला झाला होता, शाई पसरली. त्यांनी कागद डाव्या डोळ्याजवळ धरून एकेक शब्द वाचला. मग तो परत माझ्यापुढं ठेवून बोट टेकवलं.

"हे काय लिहिलंय? 'निकम सरांना सांगायचं राहून गेलं.' राहून गेलं नाही. खोडा. 'सांगितलं नाही' असं लिहा."

मी खोडलं. वर लिहिलं. सही केली, तारीख घातली.

"या माणसाला मी चार वर्षं शिव्या दिल्या," ते म्हणाले, माझ्याशी नाही, कागदाशी. "देवापुढं बसून दिल्या. मी चौकीत गेलो होतो, ते बाकावर बसले होते. मी त्यांच्यासमोर थुंकलो. ते काही बोलले नाहीत."

"त्यांना कर्करोग झालाय," मी म्हणाले. "घरी आणलंय."

त्यांनी मान वर केली. कागदाची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि उठले. भर दुपारचे तीन वाजले होते, बाजार भरलेला होता. त्यांनी दिवे घालवले, मला बाहेर यायची खूण केली आणि शटर ओढून घेतलं. कुलूप लावताना किल्ली दोनदा चुकली. मी हात पुढं केला तर त्यांनी तो कोपरानं झटकला.

"इंदूवहिनींना मी येऊन..."

"तिला मी सांगेन. तुम्ही आमच्या दारात पाऊल टाकायचं नाही."

ते निघाले. उजवी बाजू दिसत नसल्यानं भिंतीच्या कडेकडेनं, एक हात भिंतीला लावत, सरांच्या घराच्या दिशेनं. मी मागोमाग गेले. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. चौकात त्यांना माझी चाहूल लागली असावी. वळले नाहीत. नुसता हात मागं केला, पंजा उघडा, तिथंच थांब म्हणून.

मी थांबले. गर्दीत त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच उभी होते.